सावरीचा कापूस आणि शेतातला कापूस एका रकान्यात नको

ताई, तुम्ही कापूस, भेंडी, अंबाडी आणि सावर यांच्या लक्षणांचा तक्ता करून वंशवृक्ष काढलात आणि सावर थेट कापसाला जाऊन चिकटली. रीत बरोबर आहे. घोळ ‘फळात कापूस: आहे/नाही’ या एकाच रकान्यात आहे.

सातपुड्याच्या पायथ्याला सावरीचा बहर सरला की एक कोवळं बोंड चिरून पाहा. तंतू फळाच्या सालीच्या आतल्या अंगाने फुटलेले दिसतील, बिया त्यात नुसत्या गुरफटलेल्या. मग सरकी हातात घ्या. रुई (कापसाचे तंतू) बीच्याच सालीवर उगवलेली असते, ओढली तरी सहज सुटत नाही, म्हणून तर जिनिंग लागतं. दिसायला सारखं, पण उगम निराळा. त्याचे दोन रकाने करा, सावर आपोआप बाजूला होईल.

सावर टाकून मात्र देऊ नका. तीही याच कुळातली, पण थोड्या लांबच्या शाखेवरची, म्हणून बाह्यगट (तुलनेसाठी बाहेरून घेतलेली जात) म्हणून उत्तम. कापूस, भेंडी, अंबाडी तिघांच्या फुलात पुंकेसर (परागकण देणारे नर-तंतू) जुळून कुक्षीवृंताभोवती (फुलाच्या मधल्या मादी-दांड्याभोवती) लांब नळी होते. सावरीत ते झुबक्याझुबक्याने, फक्त बुडाशी जोडलेले. फुलाखालची जादा हिरवी पानंही (कापसाच्या पातीला तीन मोठी, दातेरी असतात ती) तिघांनाच आहेत, सावरीला नाहीत. तिघांना एकत्र बांधणारी लक्षणं ही.

आता तिघांत जवळचे दोन कोण? भेंडी आणि अंबाडीचा कुक्षीवृंत टोकाला पाच ठिकाणी फाटतो, कापसाचा एकसंध राहतो. इथे घाई नको! सावरीच्याही टोकाला पाच भाग आहेत, म्हणजे फाटे मुळातलेच असू शकतात. पूर्वजाकडून आलेलं जुनं लक्षण दोघांत उरलं, एवढ्यावरून जवळचं नातं ठरत नाही. नातं ठरतं ते दोघांना मिळून लाभलेल्या नव्या लक्षणावरून. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी 1950 मध्ये हाच मुद्दा नीट मांडला. रुईचाही उपयोग नाही: या चौघांत ती एकट्या कापसाची, म्हणून इथे ती कुणालाच कुणाशी जोडत नाही.

हा पेच डीएनएने सोडवला. भेंडी अंबाडीच्या हिबिस्कस (जास्वंदीच्या) गटाच्या आतच बसते, म्हणजे जवळचे दोन भेंडी आणि अंबाडी. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये तिला हिबिस्कसमध्येच घातलं होतं.

सावर बाहेर धरली तर तिघांच्या मांडण्या तीनच, हाताने तपासा. दहा जाती घेतल्यात तर मुळासकट (मूळ पूर्वज कुठे ते धरून) 3,44,59,425 वृक्ष होतात, तिथे संगणकच हवा. पण रकाने भरण्याआधी फूल चिरायचं काम तेव्हाही तुमचंच.