पूल कुणी मोडला?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले जुन्या युद्धफोटोंचे स्कॅन मिळाले. रणगाडे, ट्रक, जीप तू बरोबर ओळखले आहेस, त्यात काढायला खोट नाही. पण बाकी सगळ्या फोटोंखाली 'युद्धात उद्ध्वस्त गाव' एवढं लिहून मोकळा झालास, ते पटलं नाही. उद्ध्वस्त केलं कुणी?

गोव्यातल्या आपल्या बोरीचंच घे. डिसेंबर १९६१. जुवारी नदीवरचा मोडका पूल आणि अलीकडच्या काठावर भारतीय सैन्य, असं दिसलं की कुणीही म्हणेल, आपल्या तोफांनी उडवला. प्रत्यक्षात मागे हटणाऱ्या पोर्तुगीजांनीच तो उडवला होता, आपली वाट अडावी म्हणून.

फ्रान्समध्येही तेच. जून १९४४मध्ये सँ-लो शहर जर्मनांच्या ताब्यात, पण बेचिराख झालं ते दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीने. त्याच महिन्यात, १० तारखेला, ओरादूर-सूर-ग्लान हे गाव जर्मन एसएस (नाझींचं सशस्त्र दल) सैनिकांनी जाळलं आणि सहाशेहून जास्त माणसं मारली. तिथे लढाई झालीच नव्हती. फोटोत मात्र दोन्हीकडे सारख्याच बिनछपराच्या भिंती.

गाडीवरून तरी कळेल म्हणशील. पांढरा तारा दिसला की तू 'अमेरिकन' लिहितोस. अरे, तो ब्रिटिश आणि कॅनेडियन गाड्यांवरही असायचा. तुकडीची खूण बघावी, तर सेन्सॉरवाल्यांनी ती फोटोवरून बरेचदा खरवडलेली. शिवाय पडक्या घरासमोर उभी असलेली गाडी घर पडल्यावर महिन्याने आलेली असू शकते. म्हणून आधी ढिगारा बघ. दगड रस्त्याच्या कडेला सारलेत का? त्यावर गवत उगवलंय का? गवत असेल, तर ती गाडी पाडापाडीच्या वेळची नाही.

आता एक भांडण. गोव्याच्या त्या ट्रकच्या फोटोची डावी बाजू तू कापलीस. मूळ स्कॅनमध्ये तिथे चिऱ्यांची भिंत, बाल्कांवचा (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीचा) कोपरा आणि तुळशीवृंदावन आहे. तसला ट्रक हजारांनी होता. वृंदावन मात्र कुणीतरी ओळखेल. (तुम्हा पोरांना यंत्राचं वेड, मलाही होतं.) अख्खा फोटो छाप, वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना दाखव. 'कुठला रणगाडा' विचारू नकोस, 'हे कुणाचं घर' विचार. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहून ठेव.

मागची बाजूही स्कॅन कर, शिक्के आणि पेन्सिलीच्या खुणांसकट. तारखेसाठी पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळ. मग रविवारी ये, माझ्याकडे चांगलं भिंग आहे.

तुझा,
काका