कोठीमागचा पाय

पारोळा तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र आलंय. वय 31, शिवणकाम करते. मागच्या वर्षी महामार्गावर मोटरसायकलला ट्रकचा धक्का लागला आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ती लिहिते:

"मावशी, आठ महिन्यांपूर्वी एका शिबिरात जयपूरचा कृत्रिम पाय मिळाला. दोन महिने घातला. मग तो ढिला झाला, कातडी सोलली, रक्त आलं. मला तो पाय जमला नाही. आता गोणपाटात गुंडाळून कोठीमागे ठेवलाय. कुबड्या घेऊन घरातल्या घरात फिरते. मशीन बंद आहे. सासूबाई चांगल्या आहेत, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतात. सहा वर्षांची मुलगी त्या पायाला घाबरते. रात्री नसलेल्या पायाची बोटं खाजतात, हे कोणाला सांगू? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ घ्यायला येणार आहे. सगळ्या मैत्रिणी माहेरी येतील. जाऊ की नको? लोके काय म्हनतीन?"

पोरी,

"मला तो पाय जमला नाही" हे वाक्य आधी खोडून टाक. तू ब्लाऊज शिवतेस. एखादी बाई आजारातून उठली, अंगाने उतरली आणि जुना ब्लाऊज ढगळ होतो म्हणून तुझ्याकडे आली, तर तिला ब्लाऊज घालता येत नाही असं म्हणशील का? माप घेशील, उसवशील, दोन टिपा आत मारशील. तुझ्या पायाचं नेमकं तेच झालंय.

शस्त्रक्रियेनंतर उरलेला भाग, ज्याला दवाखान्यात स्टंप म्हणतात, सुजलेला असतो. पुढच्या काही महिन्यांत सूज ओसरते, वापरात नसलेले स्नायू बारीक होतात आणि स्टंप आक्रसतो. पहिल्या वर्षात हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं. ज्या खोळीत तो बसतो ते सॉकेट मात्र कडक असतं, ते आक्रसत नाही. मग स्टंप आत खाली घसरतो, हाडाच्या टोकावर भार येतो आणि कातडी सोलते. थोडं ढिलं असेल तर स्टंपवर जास्तीचा मोजा चढवून भागतं. फार ढिलं झालं की सॉकेट नवीन करावं लागतं. हे तुला पाय देतानाच कोणीतरी सांगायला हवं होतं. सकाळी माप, संध्याकाळी पाय, फोटो, आणि गाडी पुढच्या गावाला. अशा शिबिरांचा मला मनापासून राग येतो. पाय देणं हे अर्धंच काम आहे. दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहून, समोर आरसा ठेवून, त्या पायावर भार टाकायला शिकवणं हे उरलेलं अर्धं. ते तुला मिळालंच नाही.

पायाला मात्र दोष देऊ नकोस. 1968 साली जयपूरच्या सरकारी रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. तोवरचे परदेशी धाटणीचे पाय बुटात घालायचे होते. त्यांवर ना उकिडवं बसता येई, ना मांडी घालता येई, ना अनवाणी चिखलात जाता येई. आपलं तर सगळं आयुष्यच जमिनीवर. म्हणून या दोघांनी रबराचा, घोट्यात वळणारा, उघडा वापरता येईल असा पाय बनवला. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्माजींचं नाव फार कोणी घेत नाही. फारसं न शिकलेला, हातात कला असलेला माणूस, तुझ्याच जातकुळीचा. तू तो पाय घालून चुलीपुढे बसावंस, कपाशीच्या वावरात जावंस, याचसाठी तो केलाय.

आता काय करायचं ते सांगते. जखम पूर्ण भरेपर्यंत पाय घालू नकोस. रात्री स्टंपवर क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं, टोकाकडे घट्ट आणि वर सैल, बांध. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय लागली असेल तर आजच मोड. गुडघा वाकलेलाच आखडला तर कुठलाच पाय नीट बसत नाही. मग ज्या संस्थेचं शिबिर होतं तिचा कागद शोध. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती 1975 पासून पाय फुकट देते आणि बदलूनही देते. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र 1944 मध्ये सैनिकांसाठी निघालं, पण तिथे नागरिकांनाही घेतात. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर काढून घे. एसटीत 75 टक्के सवलत मिळते आणि या फेऱ्या तुला बऱ्याच कराव्या लागणार आहेत.

नवं सॉकेट मिळालं की पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वाढव. पाय काढल्यावर कातडी बघ. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. तशीच राहिली तर तंत्रज्ञाला दाखव, सोसत बसू नकोस. काठी डाव्या हातात धर. आपल्याकडच्या वैशाखात मोजा घामाने चिंब होतो, तेव्हा दिवसातून दोनदा बदल. स्टंप रात्री धू, सकाळी नको. ओलसर कातडी सॉकेटमध्ये लवकर सोलते. मशीनचं पायडल सुरुवातीला डाव्या पायाने मार, उजवा नुसता टेकलेला राहू दे.

तुला कोणीतरी नृत्यांगना सुधा चंद्रन यांचं उदाहरण दिलंच असेल. त्यांचा अपघात 1981 चा आणि जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर आल्या 1984 मध्ये. मधली तीन वर्षं कोणी सांगत नाही. तुला तर एकच झालंय.

नसलेली बोटं खाजतात म्हणून तू घाबरलीस. तुला वेड लागलेलं नाही आणि बाहेरचंही काही नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शिल्लक असते आणि ती जागा जागी होते. पाय कापलेल्या बहुतेकांना असं काही ना काही जाणवतं. डॉ. विलयनूर रामचंद्रन या मेंदूशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात यावर साधा उपाय मांडला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा ठेवायचा, त्यात चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो हलवायचा, खाजवायचा. मेंदूला दोन्ही पाय दिसतात. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण पुष्कळांना येतो. कपाटाचा आरसा काढून करून बघ. दुखणं वाढलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. त्यावर औषधं आहेत.

सासूबाईंबद्दल लिहिताना माझा हात जड होतोय. भुसावळला माझ्या मामांचा पाय मांडीपासून गेला होता. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीत त्यांच्याकडे राहून सगळं हातात द्यायचे. चहा, चप्पल, वर्तमानपत्र. मला वाटायचं, मी सेवा करतेय. एकदा पाहुणे आले. मी उठायच्या आत मामा भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले आणि एकेक करून चार कप चहा बाहेर घेऊन आले. अर्धा बशीत सांडला होता. मामींनी पुसला नाही, मलाही पुसू दिला नाही. त्या दिवसापासून मामा ओट्यावर बसायला लागले, मग चौकापर्यंत, मग बाजारात. तू सासूबाईंना प्रेमाने सांग, "आई, पाण्याचा तांब्या माझा मी घेईन." एवढंच. बाकी त्या करतात ते सध्या करू देत.

मुलगी घाबरते, कारण तो पाय गोणपाटात लपवलाय. बाहेर काढ, तिला हात लावू दे, मोजा चढवायचं काम तिलाच दे.

आणि आखाजी. जा. नवं सॉकेट तोवर झालं नाही तर कुबड्यांवर जा. साडीत पाय झाकायचा की नाही ते तुझं तू ठरव, दोन्ही बरोबर. लोक बघतील, पहिल्या दिवशी जरा जास्तच बघतील. एखादी म्हातारी तोंडावर हात ठेवून रडेल. तुझ्या मैत्रिणींना मात्र पाय बघायचा नसेल, त्यांना तू हवी असशील. आखाजीच्या झोक्यावर बसताना पाट घट्ट आहे ना बघ आणि पहिला झोका भावाला द्यायला सांग.

तपासणीला निघशील तेव्हा पिशवीत तो पाय, सगळे मोजे आणि रोजची चप्पल घे. चप्पल बदलली की टाचेची उंची बदलते आणि चालही. मापं घेणारा माणूस "दुखतं का?" विचारेल, तेव्हा "चालतं" म्हणू नकोस. कुठे दुखतं तिथे बोट ठेव. गिऱ्हाइकाने काखेत कुठे काचतं ते नेमकं सांगितलं तरच तुला ब्लाऊज दुरुस्त करता येतो ना?

तुझी,
मावशी