मासिकातला लेख वाचून 'प्रतिसाद' लिहायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं?

तुझा प्रश्न असा की लेखनाच्या तासाला मासिकातला एखादा मोठा ललितेतर (म्हणजे कथा-कविता नसलेला, खऱ्या घटनांवरचा) लेख देतात, तो नीट वाचून दीड-दोन पानं लिहिली तरी वहीवर शेरा येतो, 'हा सारांश झाला, प्रतिसाद कुठे आहे?' हा शेरा मीही बऱ्याच वह्यांवर मारते, म्हणून टेबलाच्या या बाजूने सांगते.

लेखात काय आहे ते शिक्षकांना ठाऊकच असतं, लेख त्यांनीच निवडलेला असतो. त्यामुळे कोणत्या लेखाबद्दल बोलतोय हे कळण्यापुरत्या दोन-तीन ओळी लिहिल्या की सारांश पुरे. 'भाषा ओघवती आहे, बरंच शिकायला मिळालं' ही वाक्यं कुठल्याही लेखाखाली खपतात. ती आधी काढून टाक.

मग लेखातली एक जागा निवड. एकच. वाचताना जिथे तू थबकलास, चिडलास किंवा मागे जाऊन पुन्हा वाचलंस, ती.

उदाहरण देते. अमेरिकन पत्रकार जॉन हर्सी यांचा हिरोशिमावरचा लेख 'द न्यूयॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकात ३१ ऑगस्ट १९४६ रोजी आला. जवळजवळ अख्खा अंक त्या एका लेखाला दिलेला. विषय अणुबॉम्ब, पण सुरुवातीला दिसते एक कारकून तरुणी. सकाळचे सव्वाआठ, ती कचेरीत नुकतीच जागेवर बसली आहे आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलायला मान वळवते आहे. त्याच क्षणी बॉम्बचा लखलखाट होतो.

'या लेखात बॉम्बमधून जिवंत वाचलेल्या सहा माणसांची हकीकत आहे' हा झाला सारांश. 'एवढ्या मोठ्या घटनेची सुरुवात लेखकाने एका वळणाऱ्या मानेपासून का केली? मीही वर्गात दिवसभर अशीच मान वळवत असतो, म्हणून ते वाक्य मला विमानाच्या वर्णनापेक्षा जास्त घाबरवून गेलं' हा प्रतिसाद. यात लेखकाने केलेली निवड आहे आणि त्या निवडीने तुझं काय झालं तेही आहे.

आता त्याच वाक्याला आणखी एक प्रश्न विचार: हे लेखकाला कसं कळलं? हर्सी त्या सकाळी तिथे नव्हते. ते १९४६ मध्ये जपानला गेले, वाचलेल्या माणसांशी बोलले आणि त्यातून हा क्षण उभा केला. कथेला आपण हा प्रश्न विचारत नाही, ललितेतर लेखाला विचारलाच पाहिजे. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन समासात खुणा कर: हे स्वतः पाहिलेलं, हे कुणी सांगितलेलं, हे कागदपत्रांतलं, हा नुसता अंदाज. जिथे खूण ठरवता येत नाही, तिथे तुझा पुढचा परिच्छेद तयार आहे. लेखकाशी मतभेद असला तर बेधडक लिही, फक्त त्याच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याशी भांड. एखादा सैल शब्द पकडून भांडण्यात काही मजा नाही.

(दोन पानं भरलीच पाहिजेत ही अट आम्हीच घालतो आणि पानं सारांशाने भरली की आम्हीच कुरकुरतो, हेही खरं. एका जागेवरचं एक पान मला तरी चालतं.)

आणि कुठेच थबकायला झालं नाही, लेख कंटाळवाणाच वाटला, तर तेही लिहिता येतं. मात्र कंटाळा नेमका कितव्या परिच्छेदात आला ते शोध आणि लेखक तिथे काय करत होता ते बघ. बहुतेक वेळा तिथे माणसं गायब होऊन नुसत्या आकड्यांची रांग लागलेली असते.