मालिशनंतरचा अर्धा तास: जुनाट दुखण्यात हात आणि मन यांचे उपचार एकत्र कसे करावेत

ताई, आपल्या आईने पंचवीस वर्षे विड्या वळल्या, दोन वर्षांपासून मान आणि उजवा खांदा दुखतो, तपासण्यांत वयानुसार झालेली झीज सोडता काही निघाले नाही आणि डॉक्टरांनी समुपदेशकाचे नाव काढताच ‘मी काय वेडी आहे का’ म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे आपण लिहिले आहे. गल्लीतल्या मावशींच्या मालिशने दोन दिवस बरे वाटते, म्हणून मालिश सुरू ठेवावी की समुपदेशकाकडे जावे, असे आपण विचारता. मी सोलापुरात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारा कारागीर, होतो आणि बीम (ताण्याचा जड रूळ) चढवताना धरलेली कंबर घेऊन सात वर्षे काढली. माझे मत असे की दोन्ही करावे, पण एकमेकांना जोडून करावे.

आधी आईंना सांगा की दुखणे खरेच आहे. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, परंतु थांबवणारी ती यंत्रणाच जरुरीपेक्षा नाजूक झाली तर धागा शाबूत असतानाही माग थांबत राहतो. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थेचे अनेकदा असेच होते आणि भीती, अपुरी झोप व काळजी यांमुळे ती अधिकच नाजूक होते. स्पर्शाचा उपयोग इथे होतो. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडले की स्पर्शाच्या संवेदना वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूतच अडवू शकतात. शिवाय हळूहळू, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या गतीने फिरणाऱ्या हाताला प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू त्वचेत असतात. मात्र हा आराम थोडा वेळच टिकतो.

माझी चूक नेमकी इथे झाली. मालिश झाली की मी चादर पांघरून पडून राहायचो, कारण मिळालेला आराम हलल्याने जाईल अशी भीती वाटे. पुढे मी समुपदेशकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी त्याच अर्ध्या तासाबद्दल विचारले. मग ठरले की मालिशनंतर लगेच, अंग सैल असतानाच, रिकामी कळशी वाकून उचलायची, पुढच्या आठवड्यात पाव भरलेली. उचलण्यापूर्वी वहीत ‘काय होईल असे वाटते’ आणि नंतर ‘काय झाले’ हे लिहायचे. पहिल्या पानावर मी ‘कंबर धरेल’ असे लिहिले होते. खाली ‘थोडी ओढ लागली, धरली नाही’ असे लिहिताना माझा हात थरथरत होता. आईंसाठी हेच काम वरच्या फळीवरचा डबा काढण्याचे किंवा स्वतःची वेणी घालण्याचे असू शकेल. त्या लिहीत नसतील तर आपण लिहून घ्या.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. समुपदेशकांच्या अशा मानसोपचाराने दुखणे थोडेच कमी होते. रोजची कामे आणि खचलेपण यांत फरक अधिक जाणवतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या, संस्थेने २०२१ मध्ये, ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी व्यायामासोबत असे मानसोपचार सुचवले आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नव्याने सुरू करू नयेत असे सांगितले. आईंच्या चालू गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मावशींना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: मान कडकन मोडायची नाही आणि आई ‘पुरे’ म्हणाल्या की हात थांबवायचा. पूर्वी कुणाचा नकोसा स्पर्श सोसलेल्या व्यक्तीला मालिशनेही घाबरल्यासारखे होऊ शकते. तसे दिसले तर मालिश बाजूला ठेवून आधी समुपदेशकांशी बोलावे. हाडे ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराची मालिश नको. हातातली ताकद जाणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही दिसले तर मालिशची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

समुपदेशकाकडे जायला आई तयार नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. पहिला फोन आपणच करा, आई शेजारी बसलेल्या असताना, आणि ‘आईला वेणी घालता येत नाही’ इथूनच बोलायला सुरुवात करा.