भिंतीपलीकडचं दुकान, दीड किलोमीटरचा वळसा

प्रश्न : बाणेरला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून किराणा दुकान जेमतेम ३०० मीटरवर आहे, पण जायला दीड किलोमीटर पडतं. शिवाजीनगरला एक गल्ली बंद असली की दुसरीतून निघायचो. नव्या भागात असं का? हे मोजता येतं का, सुधारता येतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही घरांचे पत्ते शेजारी ठेवा. शिवाजीनगरच्या जुन्या पत्त्यात बहुधा ‘फायनल प्लॉट नंबर’ असतो, बाणेरच्या पत्त्यात ‘सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर’. खरी गोम इथेच आहे. भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, झाली : सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते आखले, मग नव्याने प्लॉट पाडून मालकांना परत दिले. बाणेरला शेतांचे बांध तसेच राहिले. ज्याने जो हिस्सा घेतला त्याने तेवढ्यापुरता लेआउट मंजूर करून घेतला. आतला रस्ता बांधापाशी थांबला आणि बांधावर कंपाउंड उभं राहिलं. जोडणारा डीपी रस्ता, म्हणजे पालिकेच्या विकास आराखड्यातला रस्ता, नकाशावर असला, तरी मधला एक तुकडा पालिकेच्या ताब्यात येईपर्यंत बाकीचे तुकडे पार्किंगच्याच कामाचे.

मोजायला नकाशावर एक किलोमीटर बाजूचा चौकोन आखा. प्रत्येक चौक, तिठा आणि रस्ता जिथे संपतो ते टोक, सगळीकडे टिंब द्या. दोन टिंबांमधला रस्ता म्हणजे एक दुवा. चौकोनाच्या कडेवर तुटलेले दुवे सोडून द्या. आता दुव्यांना टिंबांनी भागा. नुसत्या फांद्याफांद्यांच्या जाळ्यात दुवे टिंबांपेक्षा एकाने कमीच, म्हणजे उत्तर १ च्या आत. बुद्धिबळाच्या पटासारख्या जाळ्यात ते २ कडे सरकतं. ४० टिंबं आणि ४४ दुवे, म्हणजे १.१ आलं, तर एक रस्ता खणला की पलीकडच्यांना दुसरी वाट नाही, असं बऱ्याच ठिकाणी होणार. हमखास होणारी चूक म्हणजे सोसायट्यांच्या आतले रस्ते धरणं. नकाशात ते दिसतात, पण वॉचमन सोडत नसेल तर तो रस्ता गेटपाशीच संपला.

आता सुधारण्याचं. तुमच्याकडे नवा गाडीरस्ता आता अवघड. फ्लॅट विकले गेले की जमिनीत शेकडो लोकांचा हक्क येतो. २०२१ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांत जिथे अजून शेतं आहेत, तिथे मात्र टीपी स्कीमला वाव आहे.

तुमच्याकडे चालण्यापुरतं जमेल : सामाईक भिंतीत दीड मीटरचं फाटक, त्यासाठी दोन्ही सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांचे ठराव. विरोध होतो तो चोरीच्या भीतीने, म्हणून उघडण्या-बंद करण्याच्या वेळा ठरावातच लिहा. आणि जागा ठरवण्याआधी दोन्हीकडची पातळी मोजा. एक मीटरचा फरक असला तर व्हीलचेअर जाईल अशा उताराला १२ मीटर लांबी लागते, आणि तेवढी जागा नेमकी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये निघते.