बाबांच्या ऑपरेशनवर तुम्ही भांडताय, बाबांना विचारलंत का?

साताऱ्याहून एक वाचक लिहितात: "बाबा 74 वर्षांचे. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली तेव्हा पोटातल्या महाधमनीला 6.2 सेंटीमीटरचा फुगा निघाला. 2014 साली बायपास झालंय, 40 वर्षं सिगारेट, एक जिना चढला की धाप, क्रिएटिनिन 1.9. सीटी रिपोर्टमध्ये 'किडनीच्या खाली नेक 4 मिलिमीटर' असं लिहिलंय. दादा म्हणतो, मित्राच्या वडिलांना जांघेतून स्टेंट टाकला, तिसऱ्या दिवशी घरी आले, तसंच करू. आक्का म्हणते, या वयात पोट फाडायचं नाही, हात लावू नका. बाबांना आम्ही 'गॅसचा त्रास आहे' एवढंच सांगितलंय. मी कुणाच्या बाजूनं उभी राहू?"

ताई, दादा ज्या ऑपरेशनसाठी भांडतोय ते बाबांना चालणारं नाही, आणि आक्का ज्याला घाबरतेय ते कुठला अनुभवी सर्जन बाबांसाठी पहिल्यांदा सुचवेल असं वाटत नाही. सगळा घोळ त्या 4 मिलिमीटरमध्ये आहे.

साधा स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जांघेतून आत नेऊन बसवायची जाळीच्या आधाराची कापडी नळी, वरच्या टोकाला निरोगी भिंतीवर घट्ट बसावा लागतो. त्यासाठी किडनीच्या धमन्यांखाली 15 मिलिमीटर, निदान 10 तरी चांगली जागा हवी. रिपोर्टमधली 'नेक' ती हीच. 4 मिलिमीटरवर बसवला तर रक्त कडेनं झिरपत फुग्यात जातं आणि दाब होता तेवढाच राहतो, म्हणजे फुटण्याचा धोकाही तसाच. घरच्यांना वाटतं ऑपरेशन झालं, फुग्याच्या दृष्टीनं काहीच झालेलं नसतं. ग्राफ्ट वर सरकवावा, तर दोन्ही किडन्यांचा रक्तपुरवठा बंद. मित्राच्या वडिलांची नेक लांब असणार, म्हणून ते तिसऱ्या दिवशी घरी आले.

पोट उघडून करायचं तर महाधमनीला चिमटा किडनीच्या धमन्यांच्या वर लावावा लागतो, आणि तेवढा वेळ किडन्या कोरड्या. वरची शिवण अर्ध्या तासाच्या आत संपवायची धडपड असते. निरोगी किडनी तेवढं सोसते. बाबांचा ईजीएफआर (किडन्या किती गाळतात त्याचा अंदाज) साधारण 36 येतो, म्हणजे डायलिसिसची टांगती तलवार. शिवाय चिमटा लावताना-सोडताना बायपास झालेल्या हृदयावर ताण येतो, आणि सिगारेटनं पोखरलेली फुप्फुसं व्हेंटिलेटरवरून लवकर सुटत नाहीत.

अशा रुग्णासाठी खरा विचार करायचा तो फेनेस्ट्रेटेड ग्राफ्टचा. यात कापडाला काजासारखी भोकं ठेवलेली असतात, किडनीच्या दोन धमन्यांसाठी आणि बहुतेकदा आतड्याच्या धमनीसाठीही. ग्राफ्ट निरोगी भिंतीपर्यंत वर नेतात आणि प्रत्येक भोकातून त्या त्या धमनीत छोटा आच्छादित स्टेंट घालतात. मापं 1 मिलिमीटरचे काप असलेल्या सीटी अँजिओवरून घेतात. भोक थोडं जरी सरकलं तरी धमनीत तार शिरत नाही, वेळ लांबतो, डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) जास्त लागतं आणि किडनी गमावण्याची वेळ येऊ शकते. ग्राफ्ट मापानं बनून परदेशातून यायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. थांबणं शक्य नसेल तर काही सर्जन तयार ग्राफ्टला टेबलावरच भोकं पाडतात. पण हे ज्यांचा हात रोजचा आहे त्यांच्याकडेच करावं.

आक्काचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. उघड्या शस्त्रक्रियेला झेपणार नाहीत अशा रुग्णांवर ब्रिटनमध्ये ईव्हीएआर-2 ही चाचणी झाली. साध्या स्टेंट-ग्राफ्टनं फुग्यामुळे होणारे मृत्यू पुढे कमी झाले, पण एकूण आयुष्य वाढलं नाही, कारण माणसं हृदय, फुप्फुस अशा इतर आजारांनी गेली. दुसऱ्या बाजूला, ऑपरेशन न झालेल्या 6 ते 7 सेंटीमीटरच्या फुग्यांचा फुटण्याचा धोका जुन्या अभ्यासात वर्षाला 10 टक्क्यांच्या आसपास होता, अलीकडच्या आकड्यांत 4 टक्क्यांजवळ. म्हणून आधी एको (हृदयाची सोनोग्राफी), स्पायरोमेट्री (फुप्फुसांची फुंकून करायची तपासणी) आणि किडनीतज्ज्ञांचं मत घ्या. हृदयाचं पंपिंग आणि फुप्फुसं बरी निघाली तर आमचा कल ऑपरेशनकडे आहे. दोन्ही फार खालावलेली असतील तर आक्का बरोबर.

सर्जनला थेट विचारा: अशा भोकांच्या केसेस तुम्ही वर्षाला किती करता? किडनीची धमनी हाती लागली नाही तर काय कराल? पुढची तपासणी दर वेळी डायवाल्या सीटीनं की डॉपलर सोनोग्राफीनं? ती जन्मभर करावी लागते, आणि पुन्हा छोटी दुरुस्ती लागणं नवं नाही. खर्चाचा मोठा भाग ग्राफ्टचा. महात्मा फुले योजनेत नेमका हा ग्राफ्ट बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' चालत नाही.

आता बाबा. 'गॅस' हे सांगणं धोक्याचंच आहे. उद्या अचानक पाठीत-कमरेत कळ आली तर ते ओवा खाऊन पडून राहतील. अशी कळ, घाम, चक्कर म्हणजे थेट सीटी आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन असलेलं रुग्णालय. मुतखडा समजून इंजेक्शन देऊन परत पाठवलं जाणं ही नेहमीची चूक, म्हणून सीटीची सीडी घराच्या दाराशीच ठेवा. बाबांना रिपोर्ट दाखवा, दोन्ही वाटा सांगा, तुम्ही तिघं गप्प बसून ऐका. त्यांनी नाही म्हटलं तर तेही मान्य करा. आइन्स्टाइनचा असाच फुगा 1955 साली फुटू लागला तेव्हा त्यांनी ऑपरेशन नाकारलं होतं, पण काय नाकारतोय ते त्यांना माहीत होतं.

हो म्हणाले, तर ग्राफ्ट येईपर्यंतचे आठवडे वाया घालवू नका. सिगारेट आजच बंद, कारण फुप्फुसं सावरायला चार ते आठ आठवडे लागतात. रक्तदाब ताब्यात, स्टॅटिन चालू, कंबरदुखीच्या गोळ्या बंद कारण त्या किडनी खातात. कुठल्याही डॉक्टरनं सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक लिहिलं तर फुग्याचं आधी सांगा.

आणि दादानं पन्नाशी ओलांडली असेल तर त्याच्या पोटाचीही एक सोनोग्राफी करून घ्या. हा आजार घराण्यात चालतो.