गाय, कंदील आणि शिकागोची आग

प्रश्न: माझी ९ वर्षांची मुलगी शिकागोच्या आगीवरची गोष्ट वाचतीये, त्यातला मुलगा जळत्या शहरातून कसाबसा सुटतो. आता रोज रात्री विचारते, आई गॅस बंद केलास ना? असलं वाचायला द्यावं का? आणि गायीनं कंदिलाला लाथ मारली म्हणून आग लागली हे खरंय का?
– एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, द्या की बिनधास्त! गॅस बंद आहे का विचारते म्हणजे पोरीला गोष्ट बरोब्बर कळलीये, फक्त झोपायच्या आधी नको, संध्याकाळी वाचू दे.

गायीचं म्हणाल तर पुरावा काहीच नाही. आग त्या गायीच्या मालकीण ओलिअरी बाईंच्या गोठ्यापाशी सुरू झाली एवढं नक्की, पण बिचारीवर उगाच खापर फुटलं, शेवटी १९९७ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेनं तिला आणि गायीला दोघींनाही निर्दोष ठरवलं (गंमत म्हणजे तिचं घर वाचलं होतं!). आग एवढी पसरायचं खरं कारण बघा, पाऊस नाही, जोराचा वारा, घरं लाकडी, फुटपाथसुद्धा लाकडी, अग्निशमनवाले आदल्याच दिवशीच्या आगीनं दमलेले, त्यात पाणी उपसायचं केंद्रच जळालं मग नळाला पाणी कुठनं येणार. ८ ते १० ऑक्टोबर १८७१, साधारण ३०० माणसं गेली, लाखभर बेघर.

पुस्तक संपलं की तिला शनिवारवाड्यात न्या. १८२८ च्या आगीत लाकडी मजले गेले, दगडी तट राहिला. का राहिला, ते तिलाच विचारा.